डीटी-काका

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. त्यामुळे आषाढ-श्रावणात इथे दोन माणसं भेटली की ‘काय चाललंय’च्या ऐवजी ‘तलाव किती भरला?’ असंच विचारतात. उत्तरंही ठरलेली असतात. अर्धा झाला, पाऊण झाला, सलंगावरून पानी चाललं. एवढं ऐकलं की विचारणारा समाधानाने तंबाखू मळतो आणि आपल्या वाटेला लागतो. पण उत्तर देणारे डीटी-काका असले तर वाट विसरावी लागते. ते चष्मा कपाळावर सरकवतात, विचारणाऱ्याकडे जरा करुणेने बघतात आणि म्हणतात, “किती भरला ते सोड रे. कसा भरून राहिला ते विचार.”

मग खिशातून औषधाच्या दुकानाचं बिल निघतं. त्याच्या कोऱ्या बाजूवर एक आडवी रेघ, एक उभी रेघ, आणि मधे आधी भराभर चढणारा व नंतर आळसावणारा एक बाक. “हा तुझा तलाव,” काका सांगतात. ज्याने सहज विचारलं होतं त्याच्या हातात ते बिल कोंबलं जातं. या गावातल्या कितीतरी शर्टांच्या खिशांत असे तलाव धुवून निघाले असतील.

असा माणूस फक्त आमच्याच गल्लीत आहे असा माझा दावा नाही. तुमसरला तो डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झालेला असेल, वरठीला पोलादाच्या भट्टीवर आयुष्य काढलेला असेल, साकोलीला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत असेल. ओळखायची खूण एकच. त्याला ‘बरं आहे ना?’ विचारलं की तो ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाही, ‘कालच्यापेक्षा’ म्हणतो.

आमचे काका पाटबंधारे खात्यातले. सत्तरच्या दशकात नागपूरच्या व्हीआरसीईतून सिव्हिल झाले (त्या कॉलेजला आता व्हीएनआयटी म्हणतात, काका म्हणत नाहीत) आणि पुढे जन्मभर पाणी मोजलं. डीटी हे नाव त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांनी पाडलं, कारण जगातली प्रत्येक गोष्ट काका डीटीने, म्हणजे काळाच्या चिमुकल्या तुकड्याने, भागतात. पाणी, ताप, भांडण, पेट्रोलचा भाव, शेजारच्या बाईंचं वजन. अवकल समीकरण म्हणजे काय हे ते कोणालाही, अगदी दूध घालायला आलेल्या माणसालाही, एका दमात सांगतात: “वस्तू किती आहे ते हे समीकरण सांगत नाही. ती कशी बदलते तेवढं सांगते. तू फक्त सुरुवात सांग, शेवट मी काढून देतो.” दूधवाला एकदा म्हणाला होता, “काका, सुरुवात एक तारखेची हाय, दोन महिन्याचे पैसे बाकी हायेत.” तो शेवट काकूंनी काढून दिला.

त्यांची तीन वाक्यं पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत. पहिलं, “सुरुवात काय होती?” दुसरं, “याचा के किती?” हा के म्हणजे समीकरणातला स्थिरांक, ज्याच्यामुळे एक चहा पटकन निवतो आणि दुसरा नाही, एक माणूस शिवी ऐकून लगेच पेटतो आणि दुसरा तिसऱ्या दिवशी. काकांच्या मते न्यूटनला नियम सापडला, पण के ज्याचा त्याने काढायचा असतो. आणि तिसरं, सगळ्यांत धोक्याचं, “उजवी बाजू शून्य नाही.” याचा अर्थ असा की गोष्ट आपल्या स्वभावाने बदलत असतानाच बाहेरून कोणीतरी ढोसतंय. नवरा-बायकोचं बरं चाललं होतं, दिवाळीत नणंद आली. उजवी बाजू शून्य नाही. मी लग्नाआधी हे वाक्य ऐकलं तेव्हा गणित समजलो होतो.

चहाचं प्रकरण सांगायलाच हवं. न्यूटनने १७०१ साली एक निनावी लेख छापला, त्यात गरम वस्तू थंड होण्याचा नियम आहे: भोवतालच्या हवेपेक्षा वस्तू जितकी जास्त गरम, तितकी ती वेगाने निवते. त्यावरून एक जुनं कोडं आहे. कोऱ्या चहात थंड दूध आत्ता घालावं की प्यायच्या वेळी? उत्तर असं की आत्ता घातलेलं बरं. तपमान आधीच जरा उतरलं की पुढे निवण्याचा वेग मंदावतो आणि दहा मिनिटांनी तोच कप जास्त गरम राहतो. काकांनी हे पाहुण्यांसमोर, बोटाने हवेत आलेख काढून, फार सुंदर समजावलं. पाहुणे माना डोलवत होते. तेवढ्यात काकू ट्रे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आमच्याकडे चहा दुधातच उकळते.” काका दोन क्षण थांबले. मग म्हणाले, “म्हणजे सुरुवातीची स्थितीच वेगळी.” आणि फुर्रकन चहा प्याले.

मे महिन्यात हाच नियम त्यांना वेगळा आनंद देतो. भंडाऱ्यात तेव्हा सावलीत पारा ४५ च्या आसपास असतो. लाईन गेली, कूलर थांबला, की अख्खी गल्ली ओट्यावर येऊन वीज मंडळाचा उद्धार करते आणि काका आत थर्मामीटर घेऊन बसतात. दर पाच मिनिटांनी आतून आवाज: “एकतीस... तेहेतीस... आता वेग कमी होईल बघा!” आतली खोली बाहेरच्या हवेला गाठायला निघाली आहे आणि जसजशी जवळ येते तसतशी दमते, हे त्यांना घामाने निथळताना स्वच्छ दिसत असतं. एकदा काकू वैतागून म्हणाल्या, “अहो, वेग कमी होते तर घाम काऊन कमी होत नाही?” याचं उत्तर काकांकडे होतं, आर्द्रतेसकट. पण तेवढ्यात लाईन आली आणि एक चांगला प्रयोग मधेच मोडल्याबद्दल ते संध्याकाळपर्यंत हळहळत होते.

निवृत्तीनंतर काका इंजिनिअरिंगच्या पोरांना फुकट शिकवतात. एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, अडकलेली, बॅक लागलेली, घरच्यांनी ‘जा बाबा काकांकडे’ म्हणून हाकललेली पोरं. त्यांचा पहिला प्रश्न असतो, “सर, हे पेपरात येते का?” काकांचा चेहरा अशा वेळी पाहवत नाही. ग्रेवालांच्या गणिताच्या जाडजूड पुस्तकाच्या पाठीला त्यांनी चिकटपट्ट्या लावून लावून आता पट्ट्यांचीच पाठ झाली आहे. ते पुस्तक मिटतात आणि पोरांना गच्चीवर नेतात.

गच्चीवरच्या प्रयोगाची गोष्ट मला स्वतःला फार आवडते. टॉरिसेलीचा नियम: टाकीच्या बुडाला भोक असेल तर पाणी उंचीच्या वर्गमुळाच्या हिशोबाने बाहेर पडतं. त्यामुळे सरळ भिंतींच्या टाकीचा वरचा अर्धा भाग एकूण वेळेच्या २९ टक्क्यांतच रिकामा होतो आणि खालच्या अर्ध्याला उरलेले ७१ टक्के लागतात. काकांनी छतावरच्या टाकीत पट्टी उभी केली, एका पोराला मोबाईलचं स्टॉपवॉच दिलं, दुसऱ्याला खाली अंगणातला नळ पूर्ण उघडायला सांगितलं. पाणी उतरू लागलं. वरचा पोरगा बराच वेळ गप्प होता, मग चाचरत म्हणाला, “सर, अर्धी टाकी तर अर्ध्याच टायमात झाली ना.”

बाकीची पोरं हसली. काका हसले नाहीत. त्यांनी कठड्यावरून वाकून खालचा नळ बघितला, वरची टाकी बघितली, आणि टाळी वाजवली. “वा! उंची कुठून मोजायची? टाकीच्या बुडापासून नाही, नळापासून! वरच्या मीटरभर पाण्याखाली दुमजली पाइप लोंबतो आहे. पाण्याला टाकीचं काय पडलं आहे?” ज्या पोराला एम-थ्रीत दोनदा बॅक लागला होता त्याने काकांचा प्रयोग मोडला होता, आणि काकांनी त्याला खाली नेऊन स्वतःच्या हाताने पोहे वाढले. नंतर बुडाला भोक पाडलेल्या पिंपावर २९ टक्के बरोबर आले. ते पिंप काकूंचं होतं. गहू ठेवायचं.

याच भरात ते मामा तलावांवर घसरतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, नाव तेवढं मामाचं राहिलं. या पूर्व विदर्भात कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी तलाव बांधले, पाळी घातल्या, जास्तीचं पाणी जायला सलंग ठेवले, आणि पाणी सोडायला तुडुम केले. त्यात वेगवेगळ्या उंचीवर भोकं. आधी वरचं उघडायचं, पाणी उतरलं की खालचं. “का?” काका पोरांना विचारतात. कोणीच बोलत नाही. “अरे, एकदम बुडाचं उघडलं तर भरल्या तलावाचा सगळा जोर त्या भोकावर. वरून खाली उघडत गेलास की पाटाला रोज जवळजवळ सारखं पाणी. टॉरिसेली जन्मायचा होता तेव्हा या माणसांनी त्याचं समीकरण मातीत बसवलं होतं.” टॉरिसेलीचा जन्म १६०८ चा, आणि प्रत्येक तलाव त्याच्या आधीचा आहे की नाही यावर वाद घालता येईल. काकांशी घालू नये.

धानाच्या बाबतीत मात्र काकांना गुरू भेटला. आधारभूत खरेदी केंद्रावर धानात १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. मीटर लावतात, काटा पुढे गेला की पोती परत. दिवाळीनंतर केंद्राबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते आणि काका काहीही विकायचं नसताना त्या रांगेत फिरतात. धान वाळतं तेही चहा निवतो त्याच नियमाने, सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर रेंगाळत, आणि हवेतल्या ओलाव्याशी जिथे जुळतं त्याच्या खाली कधीच नाही. हे ते एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला समजावत होते. “बावीसवरून एकोणीसवर यायला जेवढा वेळ लागला, त्याच्यापेक्षा एकोणीसवरून सोळावर यायला जास्त लागेल, दादा. त्या हिशोबाने आणा.”

दादांनी शांतपणे ऐकलं, बिडी विझवली आणि म्हणाले, “दिवसा वारते तं वारते, सर. पर रातच्यान दव पडते, त्याचं का?”

काका जागच्या जागी उभे राहिले. वाळण्याच्या समीकरणाला रोज रात्री बाहेरून पाणी पाजणारं पद त्यांनी धरलंच नव्हतं. “उजवी बाजू!” ते ओरडले. “दादा, तुम्ही उजवी बाजू सांगितली!” दादांनी गोंधळून आपल्या उजवीकडे पाहिलं, तिथे ट्रॅक्टरचं चाक होतं. त्या दिवसापासून काका कोणत्याही तज्ज्ञाचं व्याख्यान ऐकून आले की एवढंच विचारतात, “दव धरलं होतं का त्यांनी?”

काकांबरोबर प्रवास करू नये. नागपूर-रायपूर महामार्गावर भंडारा ते साकोली हे अंतर कोणत्याही शहाण्या माणसाला झोप काढायला पुरतं. काका मागच्या सीटवर बसतात, मुद्दाम, कारण तिथे गचके जास्त. ब्रेकर आला की ते मोजू लागतात: एक, दोन, तीन, चार... गाडी किती वेळा झुलून स्थिर झाली. “चार! हिचे शॉकअप गेले.” स्प्रिंग आणि शॉकअपचं हे दुसऱ्या कोटीचं समीकरण त्यांचं फार लाडकं आहे, कारण त्यातून माणसांच्या तीन जाती निघतात. काही माणसं धक्का बसला की बराच वेळ वर-खाली होत राहतात. यांना शॉकअप कमी. काही इतकी जड की एक अपमान पचवून जागेवर यायला त्यांना वर्ष लागतं. आणि काही नेमकी, एकदाच हलून बरोबर जागेवर बसणारी. कंडक्टर तिसऱ्या जातीतला होता. त्याने काकांचं पूर्ण ऐकून घेतलं, तिकीट फाडलं आणि म्हणाला, “पुढं सरका.”

नागझिऱ्यातही हेच. सगळी जिप्सी वाघासाठी श्वास रोखून बसलेली, आणि काका चितळं मोजतायत. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रात मासेमारी घटली, तेव्हा बाजारात येणाऱ्या माशांत शार्कांसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. असं का, हा प्रश्न उंबेर्तो दांकोना नावाच्या तरुण जीवशास्त्रज्ञाने आपल्या होणाऱ्या सासऱ्यांना विचारला. सासरे होते विटो व्होल्टेरा, इटलीतले मोठे गणिती. त्यांनी १९२६ साली भक्ष्य आणि भक्षक यांची जोड-समीकरणं मांडून उत्तर दिलं. अमेरिकेत लोटकाने तीच थोडी आधी मांडली होती. चितळं वाढली की वाघ वाढतात, वाघ वाढले की चितळं घटतात, मग वाघ घटतात, आणि फेरा चालू राहतो. काकांना या गोष्टीत गणिताइतकाच जावई महत्त्वाचा वाटतो. “कसा प्रश्न घेऊन आला बघ सासऱ्याकडे! आमचे जावई दिवाळीला येतात आणि वायफायचा पासवर्ड विचारतात.” इतकं सगळं होईपर्यंत वाघ रस्ता ओलांडून गेला होता. काकांनी तो पाहिला नाही. बिलाच्या मागे फेरा काढत होते.

घरात मात्र या विद्येची किंमत काकूंना मोजावी लागते. एकदा त्या थायरॉईडची सकाळची गोळी विसरल्या आणि घाबरल्या. काकांनी धीर दिला: या गोळीचं अर्धायुष्य साधारण सात दिवसांचं, म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, एका दिवसाने काही बिघडत नाही. खरं तर हा त्यांनी आयुष्यात दिलेला सर्वांत उपयोगी सल्ला असावा. पण तिथे थांबतील तर काका कसले? त्यांनी करवतीच्या दात्यांसारखा आलेख काढून, रोज गोळी घेतल्यावर औषध कसं चढत चढत एका पातळीला टेकतं ते दाखवलं, आणि वर म्हणाले, “तुझ्या रागाचंही असंच आहे. रोजचा डोस थोडा, पण अर्धायुष्य मोठं.” त्या दिवशी जेवण नऊ वाजता मिळालं.

कोरोनाच्या काळात काकांचे दिवस आले होते असं म्हणणं वाईट दिसतं, पण खरं आहे. अख्खा देश अचानक त्यांची भाषा बोलू लागला. रुग्ण दुप्पट व्हायला किती दिवस, आर-नॉट किती, वक्र कधी वाकणार. किराण्याच्या दुकानासमोर खडूने आखलेल्या गोलात उभं राहून ते मास्कमधून सांगायचे: साथीची ही समीकरणं केरमॅक आणि मॅक्केंड्रिक यांनी १९२७ साली मांडली. मॅक्केंड्रिक हिंदुस्थानातल्या वैद्यकीय सेवेत काम केलेला डॉक्टर. केरमॅकची दृष्टी प्रयोगशाळेतल्या स्फोटात गेलेली. आणि आपली समीकरणं खरी की खोटी हे त्यांनी पडताळलं ते आपल्या मुंबईवर. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात प्लेगने मुंबईत दर आठवड्याला किती माणसं दगावली त्या आकड्यांवर. “म्हणजे आज टीव्हीवर जो बाक दाखवतात ना, त्याच्या खाली आपली माणसं आहेत,” काका म्हणायचे. हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नसे. मागच्या गोलातला माणूस म्हणे, “काका, पुढचा गोल रिकामा झाला.”

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचा विषय काढायचा नाही असा आमच्यात अलिखित करार आहे, आणि तो दर आठवड्याला मोडतो. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी धरणाचं भूमिपूजन केलं तेव्हा काका तरुण अभियंता म्हणून मांडवामागे पाण्याच्या टाक्यांची व्यवस्था बघत होते. धरणाचं समीकरण त्यांच्या मते जगातलं सर्वांत सोपं आहे: साठ्याच्या बदलाचा वेग म्हणजे आवक वजा जावक. ३३ दरवाजे असोत की तीन, यापलीकडे धरणाला काही कळत नाही. आम्ही कोणी खट्याळपणे विचारतो, “आणि खर्चाचं समीकरण, काका?” मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. काकांनी याचा लॉगॅरिदम काढून ठेवला आहे. रक्कम साडेपाच वेळा दुप्पट झाली. चक्रवाढीचा इतका स्वच्छ नमुना पाठ्यपुस्तकात मिळत नाही, असं ते म्हणतात, आणि लगेच बोट उचलतात: “फक्त यात उजवी बाजू कोण, ते मला विचारू नका. माझी पेन्शन चालू आहे.”

या धरणाच्या फुगवट्यात कन्हानमार्गे नागपूरच्या नाग नदीचं सांडपाणी येतं, याचा राग भंडाऱ्यातल्या सगळ्यांना आहे. फक्त काकांनी त्या रागाला आलेख जोडला. नदीत घाण सोडली की पाण्यातला ऑक्सिजन आधी घसरतो, एका ठिकाणी तळ गाठतो आणि पुढे हवेतून हळूहळू सावरतो. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ साली ओहायो नदीसाठी हे समीकरण मांडलं. काकांनी ते वैनगंगेला लावून चार पानी निवेदन तयार केलं आणि एका कचेरीत नेऊन दिलं. खिडकीतल्या बाबूने पानं उलटीसुलटी केली. “साहेब, हा अर्ज हाय का पेपर?” काका म्हणाले, “अर्जच आहे, उत्तर तुम्ही लिहायचं.” बाबूने आवक क्रमांक टाकला. जावक अजून नाही.

२०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर भंडाऱ्यात कोणी विसरलेलं नाही. मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, तिथल्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं, आणि वैनगंगा शहरात शिरली. कारध्याच्या पुलाकडची बातमी मिनिटामिनिटाला बदलत होती. मोबाईलवर कोणी धरण फुटलं म्हणत होतं, कोणी आणखी दहा फूट चढणार म्हणत होतं. काका आपल्या जिन्यावर टॉर्च आणि खडू घेऊन बसले. दर अर्ध्या तासाला पाण्याच्या काठाशी एक रेघ, शेजारी वेळ. सगळ्यांचं लक्ष पाणी किती चढलं याकडे. काकांचं, दोन रेघांमधलं अंतर कमी होतंय का याकडे. मध्यरात्रीनंतर ते कमी होऊ लागलं. आधी चार बोटं, मग तीन, मग दोन. काकांनी जाहीर केलं, “चढतंय, पण चढायचा वेग उतरतोय. पाचव्या पायरीवर थांबेल.”

वर अडकलेल्या चार कुटुंबांनी तेवढ्या एका वाक्यावर पाठ टेकली. लहान पोरं झोपली. पहाटे पाणी सहाव्या पायरीवर होतं. “वरून नवीन विसर्ग आला असणार,” काका सहावी रेघ मारत म्हणाले, “उजवी बाजू बदलली.” त्यांच्यावर कोणी चिडलं नाही. ज्या काकूंना दुसरा अवकलज ऐकूनही ठाऊक नाही त्यांनी पहिल्या पायरीलाच सिलिंडर, तुरीची डाळ, बँकेची पासबुकं आणि ग्रेवालांचं पुस्तक माळ्यावर चढवलं होतं. पुस्तक आधी, मग पासबुकं. हे मी स्वतः पाहिलं. खडूच्या रेघा पुढे रंग देताना काकांनी पुसू दिल्या नाहीत. पेंटरने त्यांच्या भोवतीने ब्रश फिरवला.

आता कोणी म्हणेल, या सगळ्याचा उपयोग काय? मला वाटतं हा प्रश्न काकांना नाही, त्यांच्याकडे येणाऱ्यांना विचारावा. तो एम-थ्रीवाला पोरगा पास होऊन आता नळयोजनेच्या कामावर आहे आणि कोणत्या उंचीवर टाकी बसवायची हे विचारायला अजून काकांनाच फोन लावतो. मोबाईलवर सगळी समीकरणं सुटतात, हे तो काकांना दाखवूनही गेला. काकांनी कौतुकाने पाहिलं. “छान. आणि के काय टाकला?” “सर, डिफॉल्ट घेतला.” काकांनी मोबाईल परत दिला आणि त्याच्या हातात मोजपट्टी ठेवली.

राहता राहिलं काकांचं निघणं. ते संध्याकाळी आमच्याकडे येतात आणि बरोब्बर आठ वाजता “चला, निघतो” म्हणतात. त्यानंतर उठायला पंधरा मिनिटं. उठल्यावर अर्धी खोली ओलांडून दाराशी पोचायला तेवढीच. दारात चप्पल सापडते पण विषयही सापडतो. मग पायरी, मग अंगण, मग फाटक. प्रत्येक वेळी उरलेल्या अंतराचं अर्धं तेवढ्याच वेळात, असा काहीतरी त्यांचा नेम आहे. परवा साडेनऊला काकूंचा फोन आला.

“आले का हो निघून?”

“निघालेत काकू. फाटकाशी उभे आहेत.”

“हात कडीवर आहे का स्कूटरवर?”

मी खिडकीतून पाहिलं. “कडीवर.”

“मग मी आता भात लावते,” काकू म्हणाल्या. “तिथून पुढचा के माहीत आहे मला. कुकरच्या तीन शिट्ट्या आणि वर दहा मिनिटं.”